चिकटपट्टीखालचा लाल दिवा

खुटबावला जयंतीचा कार्यक्रम होता, साउंड माझा. गाणारे वरवंडचे आप्पा, उभा जन्म भीमगीतं गाण्यात घालवलेले. आयोजक सारखे येऊन सांगत होते, "मागं ऐकू येत न्हाई, वाढवा." मी मिक्सरवर माइकचा गेन वाढवत गेलो. लाल दिवा पेटला की आवाज फाटतोय, एवढं मला कळत होतं. तो विझेचना, तेव्हा मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. भोंग्यांच्या गोंगाटात कुणाला काही जाणवलं नाही. रेकॉर्डिंग मात्र त्याच मिक्सरमधून होत होतं.

यवतच्या माझ्या दुकानात आप्पांनी हेडफोन लावून दोन कडवी ऐकली.

"असा निघतोय व्हय माझा आवाज?"

"वय झालं आप्पा. वरच्या सुराला फाटतोय," मी म्हणालो.

याहून वाईट मी आधीच करून ठेवलं होतं. सुरुवातीला शाळेतल्या एका बाईंनी त्याच माइकवरून आप्पांची ओळख करून दिली होती. तरुण बाई, खणखणीत आवाज, आणि तोही तसाच फाटलेला. तेवढा भाग मी कापून टाकला होता.

आप्पांनी गाणं सोडलं. त्याला सहा वर्षं झाली.

आता माझा धंदाच फाटलेली रेकॉर्डिंग दुरुस्त करण्याचा आहे. स्क्रीनवर आवाजाच्या लाटांची टोकं रंध्यानं तासल्यासारखी सपाट दिसतात. गेलेलं टोक कसं असेल, ते सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. मागच्या महिन्यात काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "आरं, न्हाताना बी गुणगुणत न्हाईत आता." मी जुनी हार्डडिस्क काढली आणि चार दिवस आप्पांच्या गाण्यावर बसलो.

दुरुस्त गाणं घेऊन वरवंडला गेलो. वाटलं होतं, तेवढ्यावर भागेल. माफी मागायची वेळ येणार नाही.

आप्पांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"ब्येस केलंस. पर हे मशीनचं गाणं हाय. माझा आवाज तू तवा ऐकवलास त्योच."

काकू चहाची कपबशी घेऊन दारातच थांबल्या. मोबाइलमध्ये मूळ रेकॉर्डिंगही होतं, न कापलेलं. मी ते पहिल्यापासून लावलं.

बाईंचा आवाज खरखरत बाहेर आला. आप्पांनी डोळे उघडले.

"ही तर पंचविशीची पोरगी. हिचा बी फाटला?"

"माइक फाडत होता आप्पा. मी दिव्यावर पट्टी लावली होती. बाईंचं बोलणं मीच कापलं, तुम्हाला कळू नये म्हणून."

मोबाइलवर आप्पांचं गाणं तसंच फाटत राहिलं. शेवटी काकू म्हणाल्या, "भल्या माणसा, एक शब्द बोलला असतास तर तुझी जीभ झडली असती का रं?"

आप्पांनी मोबाइल माझ्याकडं सरकवला. घसा खाकरला. मी वाट बघत बसलो.

"तू जा," ते म्हणाले. "तुझ्यासमोर न्हाई."

बाहेर येऊन मोटरसायकलला किल्ली लावली, पण फिरवली नाही. आतून सूर आला, वर चढताना चिरकला. या वेळी मध्ये मशीन नव्हतं. मग आप्पांनी तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून, थोड्या खालच्या पट्टीत धरली.

गाडी चालू न करता मी ती हायवेपर्यंत ढकलत नेली.