काठमांडूच्या अनाथाश्रमात न काढलेला फोटो

मंडळी, लातूरच्या आमच्या क्लासची बारा पोरं घेऊन काठमांडूच्या एका अनाथाश्रमात आलोय. पोरं इथल्या लहानग्यांना गणित शिकवतात.

आज एका चिमुरडीने मोबाईल पाहताच दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"सर, ही फोटोच काढू देऊन नाही राहिली," आमची सानिया म्हणाली.

क्लासात कधीच न सांगितलेलं तेव्हा बोलून गेलो. "किल्लारीच्या भूकंपात माझे आई-बाबा गेले. मी सात वर्षांचा होतो. मदतीला येणारे आधी माझा फोटो काढायचे. नाव फार थोड्यांनी विचारलं."

सानियाने मोबाईल ठेवला, तिच्याजवळ बसून हिंदीत नाव विचारलं.

"माया," ती हळूच म्हणाली.

पालकहो, सकाळपासून तुम्ही फोटो मागताय. आज एकही पाठवणार नाही. चालेल ना?