उपमा चालवून पाहणारे अष्टककाका

अष्टककाका लग्नघरी गेले की आधी वधूवरांची नावं विचारत नसत. "तुमच्या घरी कोणता शब्द नको?" असं विचारत आणि चहा येईपर्यंत वही उघडून बसत. लोक चपापत. मग कोणीतरी हळूच सांगे, की थोरल्या सुनेला मूल नाही, तेव्हा वेल आणि फळं तेवढी टाळा. काका ते वहीत टिपून घेत आणि मगच मंगलाष्टकांना हात घालत.

मूळचे खाप्याचे, पोस्टातून निवृत्त होऊन नागपूरच्या धरमपेठेत राहिलेले. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. मी त्यांच्याकडे वृत्तं शिकले आणि त्यांची अष्टकं मांडवात गायचे. आवाज गोड पण अक्कल बेताची, अशी माझी ओळख ते चारचौघांत करून देत.

चंद्र, कमळ आणि हरिणी यांना त्यांच्या वहीत मज्जाव होता. उपमा शेवटपर्यंत चालवून पाहायची, ती कुठे नेऊन सोडते ते बघायचं, मगच ठेवायची. एकदा मी नवरीला पणती केलं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अन् तेल सरल्यावर काय होते वं तिचं?"

मी पणती खोडली.

मनीषनगरचं लग्न आलं तेव्हा काकांचा गुडघा धरला होता. वधूच्या घरी तू जाऊन विचारून ये, म्हणाले. मला आला कंटाळा. नागपूरच्या उन्हात तेवढ्यासाठी कोण जाणार? मी फोनवर नावं घेतली आणि काकांना जाऊन आले म्हणून सांगितलं. 'सोडूनी तट आज ही लगबगे जाई नदी सागरी' ही माझी ओळ त्यांना आवडली होती. तरी त्यांनी ती चालवून पाहिलीच. नदी परत येत नाही, चालेल ना त्या लोकांना, असं विचारलं. मी खुशाल हो म्हटलं.

मांडवात ती ओळ मी चांगली आळवून म्हटली आणि वधूच्या आईच्या हातातलं अक्षतांचं ताट खाली पडलं. बाई नुसती माझ्याकडे बघत राहिली. वधूचा मामा मांडवात खुर्चीवर बसलेल्या काकांच्या कानाशी लागला. वधूच्या आईचा थोरला मुलगा चार वर्षांपूर्वी कन्हान नदीत वाहून गेला होता. काकांनी मला तेवढं एका वाक्यात सांगितलं. मला पुढचं कडवं सुरू करता येईना. काकांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि उरलेली कडवी स्वतः म्हटली.  परतताना ऑटोत त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

आठवड्यानं ते मला घेऊन वधूच्या घरी माफी मागायला गेले. दुखऱ्या गुडघ्यानं दोन जिने चढले. मी सगळं कबूल केलं, खोटं बोलले तेही. वधूची आई शांतपणे ऐकत होती.

"माफी काहून मागता, बाई? चार वर्षं झाले, या घरात कोणी त्याचं नावच घेत नाही. पोरगं होतं का नव्हतं, असं वाटून राहिलं मले."

काका म्हणजे जन्मभर लोकांच्या दुखऱ्या शब्दांना वळसा घालत आलेला माणूस. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, "नाव काय वं त्याचं?"

"सुमित."

त्यांनी तिथंच वही काढली आणि चार ओळी केल्या. त्यात एकही उपमा नव्हती. सुमित, तुझ्या बहिणीचं लग्न झालं, तू हवा होतास, एवढंच होतं. त्यांनी ते म्हटलं. आई म्हणाली, पुन्हा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना आतल्या खोलीतून वडील बाहेर आले, बायकोशेजारी बसले आणि काकांच्या मागोमाग मुलाचं नाव घेऊ लागले.