जुन्या पत्त्याचा डबा

पनवेलच्या केबल ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना बसवत नव्हतं. पिशवीतून सेट-टॉप बॉक्स काढायच्या, पदराने पुसायच्या, परत ठेवायच्या. दसऱ्याचं हळदकुंकू त्यावर अजून होतं.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, चोरून कुणी दुसरीकडे लावू नये म्हणून बॉक्स जुन्या पत्त्यालाच लॉक असतो. उलव्याच्या घरात नाही चालणार. हा जमा करा, नवा देतो."

"जुनं घर विमानतळात गेलं. आता आमालाच जागा वलखू येत नाय," त्या उठत म्हणाल्या. "ह्या डब्याला ठावं हाय. आनि ह्यालाच देऊन टाकू?"

डबा छातीशी धरून त्या निघून गेल्या.

माझा नंबर आला. त्याने जुना पत्ता विचारला. भाड्याची इतकी घरं झाली, मला चटकन सांगता येईना.