व्हर्लिन टोफ्टेची क्लिप

व्हर्लिन टोफ्टेचं नाव आमच्या गावात काढा, ऐकणारा आधी सुस्कारा टाकतो. माणूस वाईट नाही हो, हट्टी. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर बसला. एकदा सख्ख्या भावाच्या ट्रकमधला गहू ओला निघाला, तर त्यानं ओल मोजून वजनातून सरळ वजा केली. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. नाताळ आला की व्हर्लिन त्याच्या दारात लेफ्सेचं, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांचं पुडकं ठेवायचा आणि घंटा न वाजवता परत फिरायचा. माफी मागणं मात्र त्याच्या रक्तातच नाही.

असा हा माणूस सव्वीस वर्षं लिंडवॉल कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळात, साखळीची क्लिप सांभाळतोय. पुढची काठी माझ्याकडे, मागची गॉर्डी न्हाव्याकडे, मधे दहा यार्डांची साखळी. चार प्रयत्नांत पोरांनी दहा यार्ड सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. डोळ्यांना अंदाज येईना की आम्ही साखळी उचलून मैदानात जातो. तेव्हा सगळा भरवसा क्लिपवर. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते. साखळी ती रेघ जिथे ओलांडते तिथे तिच्यावर क्लिप लावायची, आणि रेघेच्या ज्या कडेला लावली, मोजताना त्याच कडेला टेकवायची. रेघ चार इंच रुंद. कड बदलली तर चार इंच इकडचे तिकडे होतात, आणि ते क्लिप धरणाऱ्याशिवाय कुणाच्या बापाला कळत नाही.

मागच्या वर्षी आमच्या पोरांनी दहातला एक सामना जिंकला, तोही समोरचा अर्धा संघ तापानं झोपला होता म्हणून. मग नवा मुख्य कोच आला. हॉलिस रेनी, वय अडतीस, दक्षिणेकडचा, कुत्र्यालासुद्धा 'सर' म्हणेल असा. पहिल्याच आठवड्यात दोन मिनिटं उशिरा आलेल्या कप्तानाला त्यानं बाकावर बसवलं. गाव म्हणालं, हा काही टिकत नाही. पण पोरं धावायला लागली, समोरच्यांना पाडायला लागली, आणि आठातले सात सामने जिंकली. दहा वर्षं कपाटात पडलेल्या कॉलेजच्या गडद लाल टोप्या लोकांनी झटकून डोक्यावर चढवल्या. खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडायला लागला होता.

नवव्या सामन्यात घात झाला. आम्ही तीन गुणांनी मागे, शेवटचं मिनिट, चौथा प्रयत्न. आमचा पोरगा चेंडू घेऊन घुसला आणि ढिगाऱ्याखाली गेला. पंचांनी साखळी मागवली. व्हर्लिननं क्लिप टेकवली, मी काठी ताणली. चेंडू तीन बोटं अलीकडे राहिला आणि सामना गेला.

रेनी तणतणत आमच्याकडे आला. 'सर' तेवढं सुटलं नाही.

"तीन बोटं, सर. घरच्या मैदानावर घरच्या माणसाला तीन बोटं सापडू नयेत?"

व्हर्लिन साखळी गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तुझे सात विजय याच साखळीनं मोजलेत. आज तीन बोटं दिली तर ते सातही खोटे. बोल, देऊ?"

रेनी लालबुंद झाला. सोमवारी कॉलेजच्या ऑफिसातून निरोप आला की शनिवारी क्लिपला दुसरा माणूस येईल, टोफ्टेंनी घरी आराम करावा. सव्वीस वर्षांचा हिशोब दोन ओळींत मिटवला. मला इतका संताप आला की मी काठी त्यांच्या टेबलावर नेऊन आडवी ठेवली. पाठोपाठ गॉर्डीनं त्याची ठेवली. व्हर्लिनची बायको आर्डिस म्हणाली की तीन दिवस तो न जेवता खिडकीशी बसून होता. त्याच्याकडे दुसरं काही उरलेलंच नव्हतं. कोठार बंद झालं, मुलं लांब गेली, वर्षभर तो या शनिवारांची वाट बघायचा.

ऑफिसनं माणूस शोधायला सुरुवात केली. पोस्टमनला विचारलं, त्याचा खांदा दुखायला लागला. पाद्री म्हणाले, त्या दिवशी प्रवचन लिहायचंय. हार्डवेअरवाल्यानं सरळ सांगितलं, व्हर्लिनला काढलंत ना, मग मोजायला पट्टी विकत घ्या. आख्ख्या गावात एक हात पुढे आला नाही. व्हर्लिनवर प्रेम ओतू जात होतं अशातला भाग नाही. मापात मात्र सगळ्यांना तोच हवा होता.

शनिवारी शेवटचा सामना, मॉरो क्रीकशी, जो जिंकेल त्याचा चषक. हाडं गोठवणारी थंडी होती. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं राहिली तेव्हा मुख्य पंचांनी विचारलं, साखळीवाले कुठे आहेत? साखळी यजमानांची जबाबदारी, त्याशिवाय खेळ सुरू होत नाही. रेनीनं ऑफिसकडे पाहिलं, ऑफिसनं आकाशाकडे. शेवटी रेनी स्वतः प्रेक्षकांत चढला. तिसऱ्या रांगेत व्हर्लिन थर्मासमधली कॉफी पीत बसला होता, शेजारी मी आणि गॉर्डी. रेनी काही बोलायच्या आत व्हर्लिननं जाकिटाची चेन खाली ओढली. आत नारिंगी बंडी होती, साखळीवाल्यांची. घरूनच घालून आला होता पठ्ठ्या.

शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी पुढे होतो. मॉरो क्रीकचा चौथा प्रयत्न, पुन्हा तसाच ढिगारा, पुन्हा साखळी. मी काठी ताणली. दोन बोटं कमी. मॉरो क्रीकचा म्हातारा कोच भांडायच्या तयारीनं तरातरा मैदानात आला होता. क्लिप कुणाच्या हातात आहे ते त्यानं वाकून पाहिलं. व्हर्लिन दिसला तसा थांबला, मान हलवली आणि मुकाट्यानं मागे वळला. रेनी हे सगळं बघत उभा होता.

चेंडू आमचा झाला. व्हर्लिननं नव्या रेघेवर क्लिप लावली, नेहमीच्या कडेला. तेवढ्यात रेनी बाजूची पांढरी पट्टी, खेळ चालू असताना कोचनं ओलांडायची नसते ती, ओलांडून त्याच्याकडे आला. डोळे भरले होते, हात पुढे केला होता.

"मिस्टर टोफ्टे, सर, मी..."

व्हर्लिननं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग पायांकडे.

"अजून चाळीस सेकंद आहेत," तो म्हणाला. "आधी पट्टीच्या मागे हो."

रेनी मागे झाला.