दोन बोटं आत

डॉक्टरांनी ताईच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "कुठे दुखतंय, बाई?"

ताईनं आधी भावाकडे बघितलं. मग मनगटावरचं इलास्टिक ओढलं आणि सोडलं. चट्. म्हणाली, "कुठे नाही. बरं वाटतंय."

डॉक्टरांनी जरा दाबलं. चादरीतून तिची पावलं बाहेर आली होती, त्यांची बोटं आत वळली, घट्ट. डॉक्टर कागदावर लिहीत होते, त्यांना दिसलं नाही. पण भाऊ, गुंडी, खाटेच्या पायथ्याशीच उभा होता, त्याला दिसलं. आणि दिसल्यावर काय बोलला? "बघा डॉक्टर, किती पॉझिटिव्ह आहे आमची ताई!"

"दुखलं तर नर्सला सांगा, लगेच इंजेक्शन देतील," म्हणाले डॉक्टर, आणि गेले. ताई कुणाला सांगणार? दिवे लागायच्या आत तीही गेली. न सांगताच.

गुंडी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी शर्टाची गुंडी गिळली, तेव्हापासून हेच नाव. त्याला पाठुंगळीला घेऊन दवाखान्यात पळत गेली ती ताईच. आईबाप लवकर गेले, हिनं शिलाई मशीन चालवून त्याला मोठं केलं. जिन्याखाली दुकान, कपडे ढिले नाहीतर घट्ट करून द्यायचे, एवढंच काम. ती शिवायची, हा इस्त्री मारायचा. माणूस भित्रा. गिऱ्हाइकानं आवाज चढवला की हा पडद्यामागे.

मग त्याला कुणीतरी पॉझिटिव्ह विचारांच्या तीन दिवसांच्या शिबिराला नेलं. तिथे शिकवणाऱ्या सरांनी त्याला स्टेजवर बोलावलं, माइक दिला, चारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा. घरी आला तो छाती काढूनच. कसा आहेस विचारलं की "एकदम झकास!" ताईला बरं वाटलं. म्हणाली, "चला, इस्त्रीला कडकपणा आला."

तिचं पोट दुखायला लागलं ते त्यानंतर. तपासण्या झाल्या, रिपोर्ट वाईट आला. पण शिबिरात सरांनी गुंडीला सांगितलं होतं, आजार शब्दातून वाढतो. रडगाणं बंद. मनगटाला रबर घाला, तोंडातून वाईट शब्द निघाला की ओढून सोडा. बरे झालेले लोक सरांनी समोर उभे केले होते, एकेक जण बोलला होता.

ताई म्हणाली, "आणि जे गेले, त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या होत्या का रे?"

"बघ, हेच! हेच निगेटिव्ह!"

"बरं बाबा, चिडू नकोस." तिनं रिळातलं इलास्टिक कापलं, स्वतःच शिवलं. "आजवर लोकांच्या कमरा आवळल्या, आता माझा नंबर."

पहिल्यांदा थट्टाच होती. "दुखतंय" म्हटलं की चट्. "झोप नाही लागली," चट्. ती विसरली तर हाच खुणवायचा. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. गुंडी गिऱ्हाइकांना सांगायचा, बघा, महिनाभरात एकदाही तक्रार नाही.

पुढे इलास्टिक कोपरापर्यंत घसरायला लागलं. गुंडीनं बघितलं आणि म्हणाला, "सैल पडलंय गं."

"नवीन इलास्टिक आहे रे. असं सैल नाही पडत," ताई म्हणाली. हसली जराशी. हात पुढे धरून तशीच बसली.

त्यानं टेपनं मनगट मोजलं. दोन बोटांचा फरक. अख्खा जन्म कपडे आत घेणाऱ्यांच्या घरात गेलेला, अंगावरचं कापड ढगळ झालं की माणूस बारीक झालं, हे त्याला शिकवायला नको. तरी तो मशीनवर बसला, दोन बोटं आत घेतलं, टीप मारली आणि तिच्या हातात घातलं. वर म्हणाला, "आता बघ कसं मस्त बसलं."

ती गेल्यावर नर्सनं ते कात्रीनं कापलं. खाली लाल वळ होता, गोल, सबंध मनगटाभर. नर्स म्हणाली, "हे एवढं घट्ट कुणी बांधलं?"

तिला बरं करायचं म्हणून हे सगळं, असं तो स्वतःला सांगत होता. पण खरं काय ते त्याला तिथेच कळलं. तिचं दुखणं ऐकायची याच्यात हिंमत नव्हती. पडद्यामागे जायची जुनी खोड, दुसरं काही नाही. फक्त या वेळी पडदा तिच्या तोंडावर टाकला.

पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. समोर राहणारे, नेहमी कोट घालणारे काका आले, इतके दिवस गावाला होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. पिशवीतून कोट काढत म्हणाले, "काय रे गुंड्या, ताई कशी आहे?"

"एकदम झकास!"

आपसूक निघालं तोंडातून.

"वा! मग तिलाच दे हा. खांद्यात ढिला होतोय, तिच्या हाताला बरोबर कळतं." आणि काका निघालेसुद्धा.

गुंडी कोट धरून उभा. कान तापले, मान वर होईना. मग गळ्यात टेप तसाच, कोट हातात, चपला न घालता रस्त्यावर धावला. दोन दुकानं पुढे काकांना गाठलं.

"काका, ती गेली. मी खोटं बोललो." त्याला धाप लागली होती. "आणि तिला फार दुखत होतं. फार दुखत होतं, काका. मी बोलू दिलं नाही."

काकांनी रिकामी पिशवी काखोटीला मारली, त्याच्या हातातला कोट घेतला आणि म्हणाले, "चल, दुकानात बसू. सांग मला. कधीपासून दुखत होतं?"