तारीख नसताना आलेली माणसं

चौदा वर्षं एकाच खुर्चीत बसून लोकांच्या संसाराच्या गोष्टी ऐकल्यावर बाईच्या डोक्यात काय साठणार? किस्से! फायली कपाटात कुलूपबंद असतात, पण डोक्याला कुठं कुलूप बसतंय? घरी सांगायला जावं तर आमचे हे म्हणतात, "जेवताना नको." म्हणून तुम्हाला सांगते. नावं बदललीत, गावं इकडची तिकडं केलीत. तरी कुणी ओळखू आलंच, तर आपल्यापाशीच ठेवा.

मी लातूरला एआरटी सेंटरवर काउन्सेलर आहे. म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ना, तिथं. तपासतात डॉक्टर, गोळ्या देतात जाधव सर, आणि "आता आम्ही नवरा-बायकोनं राहायचं कसं?" हा जो प्रश्न उरतो, तो माझ्या टेबलावर येतो. एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी किती जोडपी असतात म्हणून सांगू! माझ्या बहिणीला वाटतं, काय मेलं काम हे. मला विचाराल तर अख्ख्या लातुरात इतकं भारी काम दुसरं नाही. हो, मी माज करते. करणारच.

* * *

सुरुवातीची गोष्ट. निरोधचा डबा माझ्या खोलीत दाराजवळ ठेवलेला असायचा. फुकट, लागतील तेवढे न्या. मी सगळ्यांना घसा कोरडा होईपर्यंत समजावून सांगायची, सगळे मान डोलवायचे आणि डब्याकडं न बघता निघून जायचे. महिनाअखेर डबा भरलेला तो भरलेलाच.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी खुर्ची फिरवली. बोलणं झालं की मी खिडकीकडं तोंड करून रजिस्टर लिहायला लागायची. पाठीमागं खसफस व्हायची, दार लागायचं. आठवड्यात डबा रिकामा! जाधव सरांना म्हणलं, बघा, ह्याला म्हणतात समुपदेशन.

एकदा अंदाज चुकला आणि मी जरा लवकर वळले. बघते तर सत्तरीला टेकलेले एक फेटेवाले आजोबा, डब्यात कोपरापर्यंत हात. माझीच मेलीची नजर खाली गेली. आजोबा तसूभर हलले नाहीत.

"म्याडम," ते म्हणाले, "तुमी खिडकीकडंच बगा."

* * *

आता महानंदाबाई. निलंग्याकडच्या एका खेड्यातल्या. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की एसटी स्टँडवर भोंग्याची गरज नाही. त्यांच्या थोरल्या लेकाला, मल्लूला, एचआयव्ही निघाला. बाईंनी काय केलं, तर त्याचं ताट-तांब्या वेगळा काढून दाराबाहेर ठेवला. मल्लूच माझ्यासमोर बसून सांगत होता. आजाराचं काही वाटत नाही म्हणाला, पण त्या ताटाचं सांगताना रडला.

पुढच्या तारखेला मी त्याला आईला घेऊन यायला सांगितलं आणि बाईंना चांगलं झापलं. जेवणानं लागत नाही, पाण्यानं लागत नाही, एका घरात राहिल्यानं लागत नाही. बाईंनी पदर खोचला. उठल्या आणि गेल्या. मला वाटलं, गेली ही केस हातची.

महिन्यानं एकट्याच आल्या. "तुमी सांगितल्यावर पटलं न्हाई मला," म्हणाल्या. "म्हणून म्हणलं करून बगावं. तवापासून त्याच्याच ताटात जेवायले. त्यो उठला की त्याचं उष्टं मी खाते. आता महिना झाला. तपासा मला."

तपासायची गरज नव्हती, तरी त्यांच्या समाधानासाठी तपासलं. निगेटिव्ह. बाईंनी तो कागद घडी घालून चोळीत ठेवला आणि मान ताठ करून गेल्या. असलं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

* * *

मल्लू ऊसतोडीला गेला की त्याच्या गोळ्या न्यायला धाकटा भाऊ यायचा. शिवराज. लातूरलाच डाळमिलमध्ये मशीनवर कामाला. ह्याला स्वतःला आजार नाही, काही नाही.

एकदा बारा तारखेला गोळ्या घेऊन गेला आणि वीसला पुन्हा हजर. जाधव सरांनी चष्म्यावरून बघितलं. गोळ्या संपल्या नाहीत, तारीख नाही, मग आलास कशाला? म्हणे, पुढची तारीख विचारायला. तारीख तर गोळ्यांच्या पुस्तकावर लिहिलेली! मग हळूच माझ्याकडं आला आणि विचारलं की मागच्या वेळी रांगेत त्याच्यापुढं उभ्या होत्या त्या बाईंची पुढची तारीख कधी आहे.

त्या बाई म्हणजे रुक्मिण. किनवटकडची. पहिला नवरा ह्याच आजारानं गेला, आणि तो जाईपर्यंत तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सासरच्यांनी हाकलली, तशी लातूरला येऊन क्लासच्या पोरींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. जिभेला धार. जाधव सरसुद्धा तिला गोळ्या देताना जरा सांभाळूनच बोलायचे.

मी शिवराजला स्पष्ट सांगितलं की इथं एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगत नाहीत. तारीख नाही, नाव नाही, काही नाही. नियम म्हणजे नियम.

त्यानं जरा विचार केला. "बरं," म्हणाला. "मंग मी रोज येऊन बसलो तर चालतंय का?"

आणि पठ्ठ्या खरंच आला! मिलमधून जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत यायचा, बाकावर बसून डबा खायचा, जायचा. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी रुक्मिण आली.

* * *

पुढं चार-सहा महिन्यांनी रुक्मिणच त्याला धरून माझ्या खोलीत घेऊन आली. बसा म्हणायच्या आत सुरू झाली.

"म्याडम, ह्यो लगीन करतो म्हणायलाय. माझ्याबद्दल समदं ह्याला सांगा, काय लपवू नका. कसा लागतो, काय होतंय, समदं. म्हंजे पळून जाईल."

म्हणजे बघा, मला बुजगावणं म्हणून वापरायला आणलं होतं! पण तिनंच परवानगी दिल्यावर मी सगळं सांगितलं. गोळी रोज, जन्मभर. तुझी तपासणी दर सहा महिन्यांनी. निरोध कसा, कधी. आणि हेही सांगितलं की गोळ्या नीट चालू असल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तर नवरा-बायकोच्या संबंधातून तो पुढं जात नाही. हिच्या रक्तात दोन वर्षांपासून सापडलेला नाही.

अर्धा तास शिवराज खाली बघून ऐकत होता. शेवटी म्हणलं, काही शंका?

"एकच हाय. भांडणानं लागत न्हाई न्हवं?"

"नाही."

"मंग बास."

रुक्मिण हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. लग्न साधंच झालं. महानंदाबाईंना शिवराजनं आधीच सगळं सांगितलं होतं. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत, हळदीला मात्र सगळ्यात पुढं उभ्या होत्या. सेंटरतर्फे आम्ही कुकर दिला.

* * *

मध्येच एका सरांचं सांगते. इथल्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. त्यांना आहे, मिसेसना नाही. सर पेशंट म्हणून इतके कडक की गोळीला पाच मिनिटं इकडची तिकडं नाही. पण सहा महिन्यांनी मिसेसची तपासणी आली की मेलेले असतात. पोरांना धीर देणारा हा माणूस माझ्या दाराबाहेर येरझारा घालतो, नखं खातो.

मागच्या वेळी रिपोर्ट हातात दिला. निगेटिव्ह. सरांनी दोनदा वाचला, खिशातून पेढ्याचा पुडा काढला. पुडा आधीच आणलेला!

"सलग अकरावा निकाल, मॅडम," ते म्हणाले. "शंभर टक्के. होर्डिंग लावता येत नाही, एवढंच वाईट."

* * *

शिवराजचं मात्र काही खरं नव्हतं. लग्नाला वर्ष झालं तरी तो तपासणीला आला की नुसता बसून राहायचा. एक दिवस दार लावून घेतलं आणि विचारलं. तेव्हा कळलं की रुक्मिण त्याला जवळच येऊ देत नाही. स्वयंपाक करते, डबा भरते, तापला तर रात्रभर उशाशी बसते. पण अंथरूण वेगळं. निरोध असला तरी नको, रिपोर्ट चांगला असला तरी नको.

रुक्मिणला वेगळं बसवून विचारलं. मग म्हणाली, "मला दिलं त्याला ठावं होतं का न्हाई, देव जाणे. मला तर ठावं हाय, म्याडम. ठावं असून मी ह्याला द्यायचं? एवढं चांगलं माणूस?"

मी पुन्हा सगळं समजावलं. तिनं मान डोलवली. मला ते मान डोलवणं चांगलं ओळखू येतं.

मग शिवराजनंच उपाय काढला. म्हणाला, लिहून द्या. सातबारा असो नाहीतर शाळेचा दाखला, शिक्का मारल्याशिवाय आपल्याकडं कुणी काही मानतं का? आता नवऱ्यानं बायकोजवळ जावं ह्याचा फॉर्म सरकारनं काढलेला नाही. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी गंभीरपणानं कागद ओढला आणि मराठीत लिहिलं की रुक्मिणबाईंच्या रक्तात विषाणू आढळत नाही, गोळ्या नियमित आहेत, पती-पत्नी संबंधांतून पतीला लागण होत नाही. सही केली. जाधव सरांनी गोल शिक्का दोनदा मारला, एक जास्तीचा.

रुक्मिणनं कागद वाचला. उलटा करून पाठीमागंही बघितला. टेबलावर ठेवला.

"सही डॉक्टरची हाय," म्हणाली. "जीव माझ्या नवऱ्याचा हाय."

त्या दिवशी घरी जाऊन मी भांडी आपटली. कारण माझ्यापाशी ह्या सगळ्या कागदांपेक्षा पक्का पुरावा होता. मल्लूची बायको, सुवर्णा. रुक्मिणची सख्खी जाऊ! नवऱ्याला आजार, हिला नाही. मल्लूच्या गोळ्या लागू पडल्यापासून नऊ वर्षं दोघं नवरा-बायकोसारखे राहतात आणि ती दर तपासणीला निगेटिव्ह. पण एकीची गोष्ट दुसरीला सांगायची नाही, मग ती जाऊ का असेना. सुवर्णा लाजेनं बोलायची नाही आणि रुक्मिणला वाटायचं, तिच्याही घरात अंथरुणं वेगळीच असणार. अजून सहा महिने मी जीभ चावत काढले आणि तिकडं एका चांगल्या पोराचा संसार उभ्या उभ्या वाळत होता.

* * *

आणि मग एका सोमवारी, भर गर्दीत, महानंदाबाई आल्या. तारीख नाही, बोलावणं नाही. पाठीमागं सुवर्णा, तिच्यामागं रुक्मिण, आणि सगळ्यात मागं मिलमधून अर्ध्या पाळीतून उठून आलेला, पिठाळ चेहऱ्याचा शिवराज.

म्हणलं, झालं. ही बाई आता सोडचिठ्ठीचं बोलणार.

"मला तुमी कायबी सांगू नका, तुमचा नियम ठावं हाय मला," बाई म्हणाल्या. "मीच सांगते. दिवाळीला ह्यांच्याकडं राहायला आले, तर ह्याचं अंथरूण दाराशी, हिचं आतल्या खोलीत. म्हणलं, मी हाय म्हणून लाजत असतील. मुद्दाम उदगीरला लेकीकडं गेले. चार दिवसांनी न सांगता सकाळीच परत आले. अंथरुणं तितंच!"

रुक्मिण जमिनीत जाते की काय अशी उभी. शिवराज पंख्याकडं बघत होता.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुमी जरा भाईर बसा," म्हणाल्या. "आन ह्यालाबी घेऊन जा."

माझ्या खोलीतून मला! चौदा वर्षांत कुणाची टाप नव्हती. पण का कोण जाणे, मी उठले. बाई माझ्या खुर्चीत बसल्या, दोन्ही सुनांना समोर बसवलं आणि दार आतून लावून घेतलं.

मी आणि शिवराज बाकावर. जाधव सरांनी गोळ्या मोजायच्या थांबवल्या. आतून आधी फक्त बाईंचा आवाज, मग तोही बंद. मग सुवर्णा बोलायला लागली. आमची सुवर्णा, जी माझ्यासमोर हो आणि नाही ह्यापलीकडं गेली नव्हती! बराच वेळ बोलत होती. मग कुणीतरी मोठ्यानं रडलं, ती रुक्मिण होती. शिवराज उठायला लागला, मी दंड धरून बसवला. आणि थोड्या वेळानं, काय सांगू तुम्हाला, आत तिघी खिदळायला लागल्या. सासूसकट.

दार उघडलं. आत काय बोलणं झालं ते मला आजवर एकीनंही सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही. महानंदाबाई पदर सावरत पुढं आल्या, डोळे पुसलेले, मान तशीच ताठ.

"शिवा, हिला घेऊन घरी जा," म्हणाल्या. "मी आन थोरली आज माझ्या बहिणीकडं राहतो. उद्या सकाळी येतो तुमच्याकडं."

शिवराज कधी आईकडं, कधी बायकोकडं बघायला लागला. रुक्मिणचे डोळे अजून लाल होते. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि भरल्या रांगेसमोर, न अडखळता, सासूला म्हणाली,

"आत्याबाई, उद्या नगा. परवा या."