दोन्ही नळ्या रिकाम्या

आमच्या घरात बंदूक आली ती जुनी आणि स्वस्त मिळाली म्हणून. हे फौजेतून निवृत्त झाले, वर्ध्याकडचं गाव सोडून आम्ही पुण्याजवळ मांजरीला दोन खोल्यांत राहायला आलो. सिक्युरिटी एजन्सीवाला म्हणाला, स्वतःची परवान्याची बंदूक असेल तर पगार जास्त. परवाना यांच्याकडे होता, बंदूक नव्हती, आणि नवी घ्यायची ऐपतही नव्हती.

स्वारगेटला बस बदलून आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, पक्का पुणेरी. आम्ही नव्या बंदुकांकडे नुसतं बघतोय हे त्याने ओळखलं आणि आतून एक जुनी दुनळी काढली. तिचे मालक वारले होते, मुलांना ती घरात नको होती. लाकडी दस्ता एका जागी घासून काळा झाला होता. कुणीतरी तिथे वर्षानुवर्षं गाल टेकला असणार. मी तिला हात लावला नाही. तरी घासाघीस मीच केली. काडतुसं पाचच द्या म्हटलं, आणि जुन्या मालातली असतील तर भाव कमी लावा.

"वहिनी, शिळी भाजी घेता का तुम्ही? मग काडतूस शिळं कशाला?"

पाच मात्र त्याने डबा फोडून सुटी दिली, परवान्यावर नोंद केली आणि म्हणाला, "आता एक गोष्ट फुकट देतो. घरी आले की हे बंदूक मधून उघडून तुमच्यासमोर धरतील. दोन्ही नळ्या तुम्ही बघायच्या आणि मोठ्याने 'रिकामी' म्हणायचं. मगच कपाटात. दमलेल्या माणसाला हवं तेच दिसतं."

फौजी माणूस, नियम म्हणजे नियम. रोज संध्याकाळी बँकेच्या पहाऱ्यावरून आले की चपला काढायच्या आधी हे बंदूक उघडून माझ्यापुढे धरत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "रिकामी" म्हणे.

खरं सांगते, मी एकदाही बघितलं नाही. त्या दोन काळ्या भोकांकडे बघायची मला भीती वाटे. माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर असे.

आठ महिने असेच गेले. काडतुसांचा पट्टा डब्यात ठेवून कुलूप लावायचं काम माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी "रिकामी" झाली, बंदूक कपाटात उभी राहिली, हे आंघोळीला गेले. मी पट्टा उचलला तर त्यात चारच काडतुसं. पट्टा झटकला, यांच्या शर्टाचे खिसे चाचपले, दारातल्या पायपुसण्याखाली बघितलं. मग माझी नजर कपाटाकडे गेली. आमची सात वर्षांची मुलगी त्याला पाठ टेकून गणितं सोडवत बसली होती.

ओरडले तर ती दचकून कपाटावर आदळेल, असं वाटलं. हळू आवाजात म्हटलं, "बाळा, शेजारच्या काकूंकडे जा बरं जरा." ती पेन्सिल शोधत बसली. ती पेन्सिल सापडेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

ती गेल्यावर बाथरूमच्या दारावर थाप मारली. "अहो, लवकर बाहेर या. काडतुसं चारच आहेत. आणि मी बघितलं नव्हतं. मी कधीच बघत नाही."

हे ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कपाट उघडलं, नळ्या जमिनीकडे वळवून बंदूक उघडली. डाव्या नळीत काडतुसाच्या बुडाची पितळेची गोल चकती चमकत होती. बँकेत दुपारी भोंगा आपोआप वाजला म्हणून यांनी दोन्ही नळ्या भरल्या होत्या, आणि निघायच्या घाईत काडतूस एकच काढलं होतं.

मी शिव्या खायच्या तयारीत उभी होते. हे खाली बसले. काडतूस काढून यांनी माझ्या हातात ठेवलं.

"तू रिकामी म्हणते ना," हे म्हणाले, "म्हून मी आजवर एकदाबी नाही पाह्यलं."

आता कॅलेंडर तिथून काढलंय. दोन्ही नळ्यांतून पलीकडची फरशी दिसेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. भीती अजून तेवढीच वाटते. मी "रिकामी" म्हटल्यावर हे बंदूक स्वतःकडे वळवून पुन्हा बघतात, आणि त्याचा मला राग येत नाही.